वाढून ठेवलेलं ताट

१

नागसेन वेळेवर येत नाही, हे परदेशात, आंग मो किओ या उपनगरातल्या त्याच्या कंपनीच्या गेटवरच्या गार्डपासून भुसावळच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. चिप बनवणाऱ्या कारखान्यात तो इंजिनियर होता आणि तिथली यंत्रं नेमकी संध्याकाळी रुसायची. निदान तो तरी तसं सांगायचा. खरं म्हणजे यंत्रं सुतासारखी सरळ चालली तरी त्याचा पाय ऑफिसातून निघत नसे.

त्याची बायको दीक्षा युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि घरात एकमेकांशी बोलण्यासारखंही फारसं उरलं नव्हतं. म्हणून दर शुक्रवारी दोघांनी बाहेर जेवायचं असं दीक्षानंच ठरवलं आणि जागाही तिनंच शोधली.

सेलेटारच्या जुन्या विमानतळाच्या बाजूला पूर्वी एक खेडं होतं. विमानतळावरचे गोरे सैनिक संध्याकाळी त्या खेड्यातल्या पबमध्ये येऊन बसत. पुढे खेडं उठलं, माणसं सरकारी फ्लॅटमध्ये गेली, घरांच्या जागी झुडपं माजली, पण पब तेवढा राहिला. आता नव्या मालकानं त्याचा गॅस्ट्रोपब केला होता. म्हणजे किचन काचेआड आलं, चीज पाटीच्या दगडावर यायला लागलं आणि वाटाण्याच्या लगद्याला मेनूत फ्रेंच नाव मिळालं. इमारत मात्र जुनीच होती. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, लाकडी झडपांच्या खिडक्या आणि पाय ठेवला की कुरकुरणारी लाकडाची जमीन. दीक्षाचे वडील रेल्वेत गार्ड होते. भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल अगदी असाच होता, असं ती म्हणे. बारच्या मागे एक छोटी खोली होती, तिथलं कोपऱ्यातलं दोघांचं टेबल तिचं ठरलेलं. त्या खोलीला लागून हात धुवायला जायचा बोळ होता आणि मध्ये रंगीत काचांची जुनी भिंत होती.

दीक्षाची एक सवय होती. गार्डच्या ड्युटीला धरबंध नसायचा, म्हणून तिची आई आधी वडिलांचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि मगच मुलांना वाढायची. ताट वाढलेलं असलं की माणूस वाटेत अडकत नाही, अशी तिची समजूत. दीक्षाही तेच करायची. दोघांचं एकदम मागवायची, नागसेनच्या वाट्याचं त्याच्या ताटलीत वाढायची, ती रिकाम्या खुर्चीसमोर ठेवायची आणि मग स्वतःचा पहिला घास घ्यायची. नागसेनला या प्रकाराचं हसू यायचं. पण आल्या आल्या जेवायला मिळतंय म्हटल्यावर तक्रार कोण करतो?

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी तो नेहमीपेक्षाही उशिरा पोचला. टॅक्सीतच त्यानं माफीची वाक्यं तयार केली होती. दीक्षानं वर पाहिलं आणि ती प्रसन्न हसली.

"झाले हात धुवून? बस."

टोमणा आहे, असं त्याला वाटलं. तो बसला. खुर्चीची बैठक गरम होती. समोरच्या ताटलीतला लॅम्ब शँक अर्ध्याच्या वर संपला होता, हाड स्वच्छ सोललं होतं. आणि ज्या हिरव्या लगद्याला नागसेन आजवर काट्याचं टोकसुद्धा लावत नव्हता, तो पावाच्या तुकड्यानं पुसून घेतलेला होता.

"हे कोणी खाल्लं?"

"पुरे हं चेष्टा," दीक्षा म्हणाली आणि तिनं स्वतःच्या ताटलीतला बटाटा त्याच्या ताटलीत सरकवला.

त्या संध्याकाळी ती उशिराबद्दल एक शब्द बोलली नाही. 

२

सहा वर्षं न चुकता भांडणारी बायको एकाएकी भांडायची थांबली, तर शहाण्या नवऱ्यानं देवाचे आभार मानावेत. पण नागसेनच्या घरी देव नव्हता. बुद्धाची मूर्ती होती, ती वडिलांनी दिलेली, आणि तिच्याबरोबर वडिलांची शिकवणही होती: जे पडताळून पाहता येत नाही ते मानायचं नाही. भुताखेतांना, अंगात येण्याला आणि नवससायासांना त्याच्या घराण्यानं दाराबाहेर उभं केलं होतं. त्यामुळे कोणीतरी आपल्या ताटात जेवून गेलं, हे कळल्यावर नागसेननं इंजिनियरला शोभेल असाच विचार केला. जेवलं आहे, म्हणजे माणूस आहे. लपवलं जातंय, म्हणजे पुरुष आहे.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच झालं. गरम खुर्ची, पुसलेली ताटली, आणि "झाले हात धुवून?" घरी येताना बसमध्ये दीक्षा खिडकीला डोकं टेकून गुणगुणत होती. मग म्हणाली, "तू सांगितलंस ना, त्या माणसाचं मला फार वाईट वाटलं रे."

"कुठल्या माणसाचं?"

"तो नाही का, कामाला लांब गेला होता आणि परत यायला त्याला उशीर झाला. आला तर गावच नाही. घरं पाडलेली, माणसं ट्रकमधून गेलेली. कुठं गेली ते सांगायलाही कोणी नाही. तू किती हसत हसत सांगितलंस, पण मला घास गिळवेना."

नागसेननं असलं काही सांगितलं नव्हतं. त्याला अशा गोष्टी ठाऊकही नव्हत्या आणि सांगताही येत नव्हत्या. बायको दुसऱ्याचं बोलणं चुकून आपल्या नावावर खपवते आहे, एवढं त्याला कळलं, आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. हसत हसत सांगितलं म्हणे! या माणसाला तिला हसवायला, रडवायला वेळ होता तर.

त्यानं मनातल्या मनात नावं चाळली आणि बोट प्रबोधवर येऊन थांबलं. प्रबोध दीक्षाच्या लॅबमध्ये होता, साताऱ्याचा, अविवाहित, दिसायला बरा. ती डब्यात पोहे नेते तेव्हा अर्धे तोच संपवतो हे तिनंच सांगितलं होतं. रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी मराठी मंडळींची सायकल-सहल होती. तिथं सॅटेच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाच्या, स्टॉलपाशी नागसेननं त्याला गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "शुक्रवारी संध्याकाळी काय करतोस रे तू?"

"परवा ना? दादा, तुम्हीच सांगा, इतकं काय बोलत होता?" प्रबोध हसला. "मित्राला घेऊन त्या पबमध्ये आलो होतो. साडेसातची वेळ. तुम्ही दोघं आत कोपऱ्यात. मी हात केला, ताईंनी पाहिलं, पण तुमचं लक्षच नाही. हनुवटीवर हात ठेवून त्यांचंच ऐकत होता. म्हटलं, नको मध्ये पडायला."

साडेसातला नागसेन कारखान्यात पांढरा सूट चढवून यंत्राच्या पोटात डोकं घालून उभा होता. बरोबर चार जण होते.

"तू मला नीट पाहिलंस? तोंड पाहिलंस?"

"पाठमोरे होता. पण हाच शर्ट, निळ्या रेघांचा. का हो दादा?"

 हा लबाड आहे, आपलं पाप लपवायला मलाच तिथं बसवतोय, असं नागसेननं ठरवून टाकलं. तसं ठरवल्यावर त्याला बरंही वाटलं. सॅटेच्या काड्या खाताना मात्र त्याच्या लक्षात आलं की आपण आयुष्यात कधी हनुवटीवर हात ठेवून कोणाचं ऐकलेलं नाही.

३

तिसऱ्या शुक्रवारी त्यानं डोकं दुखतंय असं सांगून ऑफिसातून लवकर पळ काढला. पण आत गेला नाही. समोर चाफ्याचं झाड होतं, त्याच्या आड जाऊन उभा राहिला. पायापाशी कोणीतरी कागद जाळल्याची राख होती, शेजारी तीन संत्री आणि विझलेल्या उदबत्त्या. चिनी लोकांचा तो महिना चालू होता, आपल्या पितृपंधरवड्यासारखा, भुकेल्या भुतांना जेवू घालायचा. आंग मो किओत तर प्रत्येक ब्लॉकखाली राखेचे डबे ठेवलेले असत. नागसेननं संत्र्यांना पाय लागू न देता जागा करून घेतली. मानत नसला तरी अन्नाला पाय लावायची रीत त्याच्याकडेही नव्हती.

छोट्या खोलीची झडप अर्धी उघडी होती. दीक्षा एकटी बसली होती. तिनं आज केस मोकळे सोडले होते. कोणासाठी, ते समजायला फार हुशारी नको होती. वेट्रेस सू लिननं पदार्थ आणून ठेवले. दीक्षानं सवयीनं दुसऱ्या ताटलीत वाढायला घेतलं. मांस, बटाटे, हिरवा लगदा. सू लिन काहीतरी बोलली आणि तिनं ती ताटली चक्क उचलली. दीक्षानं हसून तिच्या हातातून परत घेतली, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली आणि स्वतःच्या ताटलीतला एक तुकडा, दातानं तोडलेला, चाखून पाहिलेला, त्या ताटलीच्या कडेला ठेवला.

तो तुकडा पाहून नागसेनच्या अंगाची लाही झाली. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षात तिनं त्याला असा उष्टा घास देऊ केला होता आणि तो म्हणाला होता, "हे काय, लहान आहोत का आपण?" त्यानंतर तिनं कधी दिला नव्हता.

आत लाकडावर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

खिडकीच्या चौकटीआड नेमकी ती खुर्ची होती. त्याला फक्त दीक्षाचा चेहरा दिसत होता. तो चेहरा वर वळला, उजळला. असा चेहरा त्यानं साखरपुड्याच्या दिवशी पाहिला होता आणि मग विसरूनही गेला होता.

तो धावत सुटला. दारात सू लिन आडवी आली. तिनं त्याला पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"सर, यू ऑलरेडी इनसाइड, व्हॉट," ती म्हणाली आणि एक पाऊल मागे सरकली.

आत दीक्षा एकटीच होती. समोरच्या ताटलीवर काटा आडवा टाकलेला होता. कडेचा तो तुकडा नव्हता. रंगीत काचांच्या पलीकडे, बोळात, नळ चालू असल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

नागसेन बोळात गेला. बेसिन ओलं होतं. बोळाच्या टोकाला मागचं दार होतं, त्यापुढे फरसबंद अंगण आणि अंगणात एक गोल सिमेंटचा कट्टा, त्यावर झाडांच्या कुंड्या. कोणी नव्हतं.

"काय रे, पळतोस काय?" दीक्षा म्हणाली. "बेसिनपाशी पाल होती का?"

निघताना त्यानं सू लिनला बाजूला घेतलं आणि दरडावून विचारलं, तिथं कोण येऊन बसतं? ती बिचारी हातातला रुमाल पिळत राहिली.

"सर, यू टेल मॅडम. एम्प्टी चेअर, डोन्ट पुट फूड. धिस मंथ कॅनॉट, लाह. आय टेल हर, शी लाफ ओन्ली."

हिलाही फितवलंय, असं नागसेनला वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी शनिवार. दीक्षा ओट्यापाशी ताटं पुसत होती. नागसेन रात्रभर कूस बदलत होता, त्याचा धीर सुटला.

"कोण येतं तिथं, माझ्या आधी?"

"तुझ्या आधी मी येते," ती म्हणाली. ताट पुसणं चालूच होतं.

"दीक्षा, मी सव्वाआठशिवाय पोचत नाही. माझ्या खुर्चीत बसून माझ्या ताटातलं खाऊन जातो तो कोण? प्रबोध आहे का?"

ती वळली. चिडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं ओला हात त्याच्या कपाळाला लावून पाहिला.

"ताप नाही," ती म्हणाली. "मग असं का बोलतोस? कालही तू साडेसातला आलास. परवाच्या आठवड्यातही. मध्ये हात धुवायला म्हणून उठतोस आणि घामाघूम होऊन येतोस, पुन्हा तुझं यंत्र आणि तुझा मॅनेजर. मला कळतं, डोक्यावर ताण आहे तुझ्या. मी काही बोलते का?"

"मी आलो नव्हतो!"

"बरं, नव्हतास." ती खुर्चीवर बसली. खाली बघत म्हणाली, "मी तिकीट काढलं होतं, नागसेन. सप्टेंबरचं, एकटीचं. परत यायचं नव्हतं मला. त्या पहिल्या शुक्रवारी तुला सांगणारच होते. तर तू म्हणालास, आधी जेव, मग सांग. आणि मग सगळं ऐकून घेतलंस. मध्ये घड्याळ बघितलं नाहीस, की फोन बघितला नाहीस. माझ्या आईबद्दल विचारलंस. ते जे मूल राहिलं नाही आपलं, त्याच्याबद्दल विचारलंस. तू ते कधी काढलंच नव्हतंस. मी सोमवारी जाऊन तिकीट रद्द केलं."

 तिकिटाचं नागसेनला माहीत नव्हतं. त्या मुलाबद्दल बोललं की तिला त्रास होईल म्हणून आपण गप्प राहतो, असं तो स्वतःला सांगत आला होता.

"घरी आलास की तू पुन्हा असा होतोस," दीक्षा म्हणाली. "म्हटलं, चालेल. आठवड्यातून एक दिवस तरी मिळतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच त्याला सोसवेना. परका पुरुष असता तर नागसेननं त्याची गचांडी धरली असती. पण ही बाई डोळ्यांत पाणी आणून त्याच्याच तोंडावर त्याचं कौतुक करत होती, आणि त्यातला एक शब्दही त्याच्या वाट्याचा नव्हता. आपल्याच नावाचा असा हेवा करायची वेळ त्याच्यावर आली.

५

पुढच्या शुक्रवारी नागसेन सगळ्यांच्या आधी पोचला. निळ्या रेघांचा शर्ट मुद्दाम घातला. बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवली, तिच्यातच पाकीट आणि घराच्या किल्ल्या, आणि खुर्चीत असा पक्का बसला की आता कोणाची टाप नव्हती त्याला उठवायची. सू लिननं त्याला पाणी आणून दिलं. ग्लास ठेवताना तिनं त्याच्या हाताला बोट लावून पाहिलं आणि मग ती हसली.

दीक्षा आली. तो आधीच बसलेला पाहून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. दोघांनी मागवलं. आज ताट वाढून ठेवायचा प्रश्नच नव्हता, प्रत्येकानं आपापलं घेतलं. नागसेननं हिरवा लगदा जिभेवर ठेवला आणि गिळला. इतका काही वाईट नव्हता. वर पंखा फिरत होता, बारकडून ग्लासांचा आवाज येत होता, आणि समोर आपली बायको होती. त्यानं घसा साफ केला.

"आज काय केलंस दिवसभर?"

तिनं जरा चाचपडत सुरुवात केली. पेशी वाढवायच्या एका बशीत बुरशी लागली होती, तीन आठवड्यांचं काम वाया गेलं होतं. बोलता बोलता ती हातवारे करायला लागली. नागसेन ऐकत होता. खरंच ऐकत होता. बुरशीबद्दल त्यानं एक प्रश्न विचारला, तो बरा निघाला, आणि ती हसली.  जमतंय की, असं त्याला वाटलं. एवढंच तर होतं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मॅनेजर. त्यानं कापला. तो पुन्हा थरथरला. एक मोठं यंत्र बंद पडलं की रात्रीची सगळी शिफ्ट अडते. बंद पडलं नसेलही, पण पडलं असेल तर?

"दोन मिनिटं," तो उठत म्हणाला. "बटाटे गरम आहेत, माझं तेवढं वाढून ठेव."

दाराशी पोचल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. वळून पाहिलं तर दीक्षानं ताटली पुढे ओढलीही होती. फोनवर मॅनेजर हॅलो हॅलो करत होता. बोलून टाकू आणि येऊ, असं म्हणत तो बोळातून मागच्या अंगणात गेला.

यंत्र बंद पडलं नव्हतं. मॅनेजरला एक आकडा हवा होता. मग दुसरा हवा होता. नागसेन त्या सिमेंटच्या कट्ट्याला टेकून आकडे सांगत राहिला. कट्ट्याच्या मधोमध लोखंडी झाकण होतं. खालून गार हवा लागत होती आणि तिला ओल्या मातीचा वास होता. विहीर असावी, बुजवलेली.

आत लाकडावर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

त्यानं फोन तसाच बंद केला. बोळातले दिवे पिवळे होते. रंगीत काचांपैकी एकीचा टवका उडालेला होता, त्यातून आतलं दिसत होतं. त्याला सरळ दारातून जाता आलं असतं. पण तो त्या टवक्याशी वाकला. मत्सरानं माणूस वाकतोच.

त्याच्या खुर्चीत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. निळ्या रेघांचा शर्ट. मानेवर नागसेनच्या मानेवर आहे तिथंच तीळ. हनुवटीखाली हात. दीक्षा बोलत होती, बुरशीचंच बोलत होती, पण आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. तिनं स्वतःच्या काट्यावरचा अर्धा तोडलेला घास पुढे केला. त्यानं मान वाकवून तो तोंडात घेतला. हळू, नीट चावून, फार दिवसांनी जेवायला मिळालेल्या माणसासारखा.

"दीक्षा!" नागसेन ओरडला. काचेवर मूठ आपटली.

तिनं काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माणसाच्या जबड्याची हालचाल मात्र थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

बोळाच्या दारापर्यंत सात-आठ पावलांचं अंतर, पण आत पोचेपर्यंत टेबल रिकामं होतं. दोन्ही ताटल्या लख्ख पुसलेल्या. बॅग नव्हती. पुढच्या दाराबाहेर एकाएकी पाऊस लागला होता आणि दोघं एका छत्रीत पायऱ्या उतरत होती. छत्री त्यानं पूर्ण तिच्या बाजूला धरली होती, त्याचा खांदा भिजत होता. फाटकाशी त्यानं एकदाच मागे वळून पाहिलं. आपला चेहरा आपण जन्मभर आरशातच पाहतो, उलटा. तो समोरून, सरळ पाहिला की ओळखीचा वाटत नाही. नागसेनला तो चेहरा आपल्यापेक्षा बरा वाटला. त्या चेहऱ्यावर विजयाचं काही नव्हतं. उशीर झालेल्या माणसाचा शरमलेला चेहरा होता तो, आणि तो चटकन फिरला.

"सॉरी सर," मागून सू लिन अदबीनं म्हणाली. "धिस टेबल फिनिश. यू वेटिंग फॉर समवन?"

तिच्या नजरेत ओळख नव्हती.

६

पाकीट बॅगेत गेलेलं. नागसेन भिजत, चालत आंग मो किओला आला. वाटेत एका ब्लॉकखाली मांडव घातला होता, स्टेजवर बाई गात होती आणि पुढची खुर्च्यांची रांग त्या महिन्यातल्या भुतांसाठी रिकामी सोडलेली होती. माणसं मागे दाटीवाटीनं उभी होती. नागसेनला पाय दुखत असूनही त्या रांगेत बसावंसं वाटलं नाही. तो लगबगीनं पुढे गेला.

लिफ्ट नेहमीसारखी वर आली. कॉरिडॉरमध्ये त्याच्या घराची खिडकी उघडी होती, काचेच्या पट्ट्या आडव्या केलेल्या. आतून फोडणीचा वास येत होता. पबमध्ये जेवूनही दीक्षानं घरी येऊन वरणभात टाकला होता. बाहेरचं कितीही खाल्लं तरी शेवटी भाताचे दोन घास लागतात, असं तीच म्हणायची. पण ते घास तिनं कधी केले नव्हते, कारण नागसेन आल्या आल्या लॅपटॉप उघडायचा.

टेबलावर दोन ताटं होती. दीक्षा वाढत होती. तो तिच्यासमोर बसला होता, ओला शर्ट बदलून, नागसेनच्या घरच्या बनियनमध्ये. पाठमोराच.

नागसेननं फोन काढला आणि बायकोचा नंबर लावला. आत तिचा फोन वाजला. तिनं स्क्रीन पाहिली आणि ती खळखळून हसली.

"अरे, तुझाच फोन येतोय मला! खिशात दाबला गेला की काय?"

त्या माणसानं खिशात हात घातला, फोन काढला, पाहिला, आणि अंगठ्यानं एक बटण दाबलं. नागसेनच्या कानाशी लागलेला फोन गप्प झाला.

दार वाजवावं म्हणून त्यानं हात उचलला. मग त्याच्या मनात आलं, दार तीच उघडेल. आणि मग मला काय म्हणेल? कोण हवंय, असं विचारलं तर? तो हात तसाच ठेवून उभा राहिला. हात जड झाला तेव्हा खाली आला.

ताट वाढलेलं असलं की माणूस वाटेत अडकत नाही. नागसेन पट्ट्यांमधून बघत होता. तिनं अजून एक ताट घ्यावं. सवयीनं घ्यावं, चुकून घ्यावं, एक चमचा भात त्यात टाकावा आणि कडेला झाकून ठेवावं, एवढीच त्याची आता इच्छा होती. एवढं केलं तरी त्याला आत जाता आलं असतं, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. जे पडताळून पाहता येत नाही ते न मानणाऱ्या बापाचा तो मुलगा होता.

दीक्षाचा हात ताटांच्या मांडणीकडे गेला. नागसेननं श्वास रोखला. तिनं मांडणीवरचा वाडगा घेतला, उरलेला भात त्यात काढला, झाकण लावलं आणि तो फ्रिजमध्ये ठेवला. मग दोन्ही ताटं धुतली, पुसून जागेवर लावली आणि किचनचा दिवा बंद केला.

घरातली सगळी जेवली होती.